आर्च मॅनिंग: एनएफएलचा माल आहे की नुसतं आडनाव?

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज सीझनमधला आमचा शेवटचा सामना, सिट्रस बोल, आटोपला, आमच्या टेक्सासने मिशिगनला ४१-२७ हाणलं, आणि आपल्या क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे पास टाकणारा, टीम चालवणारा) आर्चने त्यात साठ यार्ड पळून जो टचडाऊन केला (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला) तो बघून आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणाचं कामात लक्ष नाहीये. तर विषय असा की त्याच्या वडिलांनी डिसेंबरातच ईएसपीएनला सांगून टाकलंय की पोरगा २०२६ मध्ये टेक्सासकडूनच खेळणार. म्हणजे एप्रिल २०२६ च्या ड्राफ्टमध्ये, जिथे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजातले खेळाडू एकेक करून निवडतात, तो नाही. आता हा शहाणपणा आहे का घाबरटपणा, यावर इकडे रोज लंचला मारामाऱ्या होतायत, म्हटलं इथल्या जाणकारांनाही कामाला लावू.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आजोबा आर्ची मॅनिंग १९७१ च्या ड्राफ्टमध्ये सेंट्स टीमने दुसऱ्या नंबरवर उचलले. काका पेटन १९९८ ला पहिला, धाकटा काका ईलाय २००४ ला पहिला. वडील कूपर या दोघांचे थोरले भाऊ, ते रिसीव्हर (पास झेलणारे) होते पण मणक्याचं दुखणं निघालं आणि कॉलेजच्या उंबऱ्यावरच खेळ सुटला. आर्च २०२३ ला टेक्सासला आला, दोन वर्षं मुख्य क्यूबी क्विन युअर्सच्या मागे बाकावर बसला, पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) उडी मारून दुसरीकडे पळाला नाही, हे मला तरी लई आवडलेलं. २०२५ ला टीम हातात आली तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधीच टेक्सास एपीच्या (पत्रकारांच्या क्रमवारीच्या) यादीत नंबर एक, जे शाळेच्या इतिहासात कधी झालं नव्हतं, आणि टीव्हीवरचे सगळे शहाणे याला २०२६ चा पहिला पिक देऊन मोकळे झालेले.

मग काय झालं ते माहितीये. ओहायो स्टेटकडून १४-७, फ्लोरिडाकडून २९-२१ आणि थेट टॉप पंचवीसच्या बाहेर, पुढे जॉर्जियाने ३५-१० असं सडकून काढलं. शेवटी शेजारच्या टेक्सास ए अँड एमला २७-१७ हरवून जरा अब्रू राखली. ९ विजय, ३ पराभव, प्लेऑफ (बाद फेरी) नाही.

प्रश्न दोनच. हा पोरगा एनएफएलमध्ये टिकेल का? आणि अजून एक वर्ष कॉलेजात राहून त्याचा भाव वाढेल का पडेल?

कोलंबसची काकू

ऑस्टिनकर, एवढ्या लांब आमच्या ओहायो स्टेटकडे आलात आणि सात पॉइंट घेऊन परत गेलात, पाहुणचारात काही कमी राहिलं का? 😄

गंमत जाऊदे. मी त्या मॅचला स्टेडियममध्ये होते, आमचे हे आणि मी, ३० ऑगस्ट, ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुमची टीम टचडाऊनपासून एक यार्डावर आली, फोर्थ डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि आर्चने स्वतःच बॉल घेऊन मुसंडी मारली, आमच्या पोरांनी तिथेच दाबला. एक यार्ड हो! त्यानंतर त्याचा चेहरा मोठ्या स्क्रीनवर दाखवला, आणि खरं सांगते मला कीव आली, एकवीस वर्षांचं पोर आणि सगळा देश त्याच्या मानगुटीवर बसलेला. शेवटी टचडाऊन केला त्याने पण तोवर साडेतीनच मिनिटं उरली होती.

पण कीव वेगळी आणि ड्राफ्ट वेगळा. माझं मत विचाराल तर आडनाव मॅनिंगऐवजी मिलर असतं तर याच खेळावर कुणी पहिला पिक म्हटलं नसतं.

नुसता_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फिल्मरूम

काकू, आडनावाचं बरोबर आहे, पण अर्धंच. मिलर असता तर पहिला पिक कुणी म्हटलं नसतं हे खरं, पण मिलर असता तर केंटकीच्या मॅचनंतर चार दिवस टीव्हीवर पोस्टमॉर्टेमसुद्धा कुणी केलं नसतं. दोन्हीकडून मार.

आता खेळाबद्दल. मी त्या ओहायो स्टेट मॅचचा सगळा टेप बघितलाय, वरच्या कॅमेऱ्याचा, ज्यात बावीसच्या बावीस दिसतात. ओहायोचा डिफेन्स मॅट पॅट्रिशिया चालवतो, एनएफएलमध्ये पेट्रियट्सला वर्षानुवर्षं काढलेला माणूस. त्याने काय केलं तर स्नॅपच्या (बॉल खेळात यायच्या) आधी सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) एका जागी उभे केले आणि स्नॅप झाल्या झाल्या दुसरीकडे सरकवले. आर्च बॉल हातात यायच्या आधी ठरवून मोकळा, की माझा पहिला रिसीव्हर सुटणार. तो सुटत नाही. मग दुसऱ्याकडे बघायचं, तर तोवर पाय थांबलेले, वजन मागच्या पायावर, आणि बॉल कधी डोक्यावरून तर कधी रिसीव्हरच्या पायाशी. हात कमजोर नाहीये याचा, पाय आणि डोळे एकमेकांशी बोलत नाहीत. आणि तो जो बाजूने हात फिरवून फेकायचा नाद लागलाय ना, दबाव नसतानाही, त्याने सोपे पाच यार्डांचे पाससुद्धा वाकडे जात होते.

यूटेपच्या मॅचला तर ओळीने दहा पास हुकले. दहा! आणि समोर कोण, तर यूटेप. घरच्या लोकांनी हुर्यो उडवली.

पण आता नोव्हेंबरचा टेप लावा. व्हँडरबिल्टविरुद्ध पहिल्याच प्लेला रिसीव्हर विंगोला पंच्याहत्तर यार्डांचा टचडाऊन, आणि ही मॅच डोक्याला मार लागून कन्कशन झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली. आर्कान्सासविरुद्ध पास टाकून, पळून आणि झेलून असे तिन्ही प्रकारचे टचडाऊन. नुसते आकडे नका बघू, पाय बघा. पॉकेटमध्ये (आपल्या माणसांच्या आडोशात) तो आता एक पाऊल पुढे सरकतो, आधी मागे आणि बाजूला घसरायचा. हा फरक दोन महिन्यांत पडलाय आणि तो फक्त मॅच खेळून पडतो, सरावात नाही पडत, कारण सरावात क्यूबीला कुणी हातच लावत नाही, लाल जर्सी घालून उभा असतो.

म्हणून माझ्यासाठी सगळा प्रश्न एका आकड्यावर येतो. आर्चने कॉलेजात सुरुवात केलेल्या मॅचेस किती? २०२४ मध्ये युअर्स जखमी असताना दोन, २०२५ मध्ये तेरा. पंधरा झाल्या. आता कमी मॅचेसवर गेलेले हे क्यूबी बघा:

ट्रुबिस्की, नॉर्थ कॅरोलायना, १३ मॅचेस. २०१७ ला दुसरा पिक. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्यावर पुढे सुपरस्टार झालेला महोम्स होता.
ट्रे लान्स, नॉर्थ डकोटा स्टेट, १७ मॅचेस. २०२१ ला तिसरा पिक.
अँथनी रिचर्डसन, फ्लोरिडा, १३ मॅचेस. २०२३ ला चौथा पिक. २०२४ मध्ये त्याचे निम्मे पाससुद्धा पोचले नाहीत.

आणि दुसरीकडे जेडन डॅनियल्स ५५ मॅचेस खेळून गेला, बो निक्स तर ६१, आणि दोघं रूकी (एनएफएलमधल्या पहिल्या) वर्षातच टीमला प्लेऑफमध्ये घेऊन गेले. पंधरा मॅचेसवर जाऊ नको बाबा, एवढंच माझं म्हणणं.

सदाशिव_ते_सिएटल

फिल्मरूम, छान लिहिलंत, पण सोयीची उदाहरणं निवडलीत. कॅम न्यूटन ऑबर्नमध्ये एकच सीझन खेळला, २०११ चा पहिला पिक, पुढे एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). कायलर मरे ओक्लाहोमात एकच वर्ष मुख्य क्यूबी, पहिला पिक. हे दोघं कुठे बसतात तुमच्या आकड्यात?

आणि परत राहिलेल्यांचीही यादी द्या की. मॅट लाइनार्ट, यूएससी. २००४ ला हाइजमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला, तेव्हाच गेला असता तर अगदी वरती जाणार असं सगळे म्हणत होते. राहिला, पुढच्या ड्राफ्टमध्ये दहाव्यावर. मॅट बार्कली, तोही यूएससी, २०१२ ला राहिला, सीझन वाईट, खांदा दुखावला, चौथ्या राऊंडमध्ये अठ्ठ्याण्णवावा. राहणं म्हणजे स्काऊटना (खेळाडू पारखणाऱ्यांना) अजून बारा-तेरा मॅचेस खोड काढायला देणं. वर दुखापत.

फिल्मरूम

न्यूटन आणि मरे दोघांनीही त्या एका वर्षात हाइजमन नेला हो. आर्चने एका वर्षात पाहुण्यांच्या मैदानावर केंटकीला १६-१३ ने, तेही ओव्हरटाइममध्ये, कसंबसं हरवलं. तुलना नको.

आणि राहून फायदा झालेले? घरातलंच उदाहरण आहे की, पेटन. १९९७ ला जाता आलं असतं, टेनेसीत चौथं वर्ष राहिला, आणि १९९८ ला पहिला. अँड्र्यू लक २०११ ला राहिला, २०१२ ला पहिला.

चिंचवडी

मी इकडे पिंपरी-चिंचवडात बसून हे वाचतोय, सुपर बोल सोडून काही बघत नाही, तेही हाफटाइमच्या गाण्यांसाठी. दोन बाळबोध प्रश्न. एक, एवढा भारी आहे तर बारावी झाल्या झाल्या डायरेक्ट एनएफएलमध्ये का घेत नाहीत? आपल्याकडे आयपीएलमध्ये चौदा वर्षांचं पोरगं खेळलं. दोन, खेळाडूला टीम निवडता येत नाही म्हणजे काय, त्याला क्लीव्हलंडला जायचंच नसेल तर?

बाकी हे आडनावाचं प्रकरण आम्हाला सांगू नका, अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक ठोकलं तरी लोकांनी पहिला शब्द बापाबद्दलच काढला होता.

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

चिंचवडी, प्रश्न बाळबोध नाहीत. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल ड्राफ्टमध्ये घेतच नाहीत, नियमच आहे. कारण समोर एकशेतीस किलोचा माणूस पळत येऊन आदळतो, अठराव्या वर्षी शरीर तयार नसतं, आणि शिवाय कॉलेजवाले फुकटात खेळाडू घडवून देतायत तर एनएफएलला काय हरकत. आर्च २०२३ ला हायस्कूलमधून सुटला, म्हणजे २०२६ ला तो जाऊ शकत होता. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे हिशेबात न धरलेलं, गेलं म्हणून हवं तर २०२७ चा सीझनसुद्धा कॉलेजात खेळू शकतो.

दुसऱ्याचं उत्तर: सात राऊंड, बत्तीस टीम, साधारण सगळ्यात वाईट टीम आधी निवडते. म्हणजे जेवढा भारी खेळाडू तेवढी भंगार टीम पदरात. आणि नाही म्हणायची सोय तशी नाही, पण मॅनिंग घराण्याने तेही करून दाखवलंय. २००४ ला ईलायने आधीच सांगितलेलं की मी सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळणार नाही. चार्जर्सनी तरी घेतला, स्टेजवर ती जर्सी हातात धरून पडलेल्या चेहऱ्याने उभा होता पठ्ठ्या, आणि तासाभरात जायंट्सशी अदलाबदल झाली. पुढे दोन सुपर बोल. तर आर्चची टीम कुठली हे आजोबा आणि काका मंडळी फोन फिरवून ठरवणार नाहीत असं समजू नका.

नागपुरी भौ

मी कॉलेज स्टेशनला राह्यतो, म्हंजे ए अँड एमवाला, त्यामुळं माह्या बोलण्यात जळफळाट वाटला तर वाटू द्या. अकरा मॅचेस जिंकून गेलो होतो बे आम्ही ऑस्टिनला, एक बी हरलो नव्हतो. आन् चौथ्या क्वार्टरमध्ये हा भाऊ बॉल घेऊन निघाला तो पस्तीस यार्ड थेट एंडझोनात. आमचा एक बी माणूस त्याला हात लावू शकला नाही. घरी सगळे गप्प, बायको म्हणे जेवाले वाढू का, म्या म्हटलं नको.

पण तेच सांगतो, तो जिंकला पळून. एनएफएलमध्ये लाइनबॅकर (अडवणारे बचावपटू) पण तेवढेच पळतात जेवढा हा पळते. कॉलेजात पळणारा क्यूबी लय दिसते, तिकडं जाऊन पहिल्या वर्षी बरगड्या मोडून बसते. टिबो आठवते का? फ्लोरिडात हाइजमन, दोन नॅशनल चॅम्पियनशिप, ब्रॉन्कोजनी पहिल्या राऊंडमध्ये घेतला, आन् तीन सीझनमध्ये खेळ खलास. पळणं हे बोनस असलं पाहिजे, पगार नाही.

फिल्मरूम

भौ, "बोनस असलं पाहिजे, पगार नाही" हे एखाद्या कोचला विकत द्या. +१

केटीची आई

बराच वेळ नुसती वाचत होते, आता लिहितेच. माझा मुलगा इकडे ह्यूस्टनजवळ हायस्कूलच्या टीममध्ये दुसऱ्या नंबरचा क्यूबी आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री दिव्यांखाली पूर्ण पोशाखात उभं राहायचं, हातात वही, आणि खेळायचं जवळजवळ नाहीच. त्यामुळे आर्च दोन वर्षं बाकावर बसला त्याचं मला टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त कौतुक आहे.

लोकांना वाटतं क्यूबी म्हणजे लांब बॉल फेकणारा. मनगटावर एक पट्टी असते, तिच्यावर प्लॅस्टिकखाली चिटोरं, त्यात इतक्या बारीक अक्षरात प्लेज लिहिलेले की मला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. कोच बाहेरून एक आकडा देतो, याने पट्टीत तो आकडा शोधायचा, दहा जणांना ते पूर्ण वाक्य म्हणून दाखवायचं, लाइनवर जायचं, समोरच्यांनी जागा बदलली तर ओरडून प्ले बदलायचा, आणि घड्याळ चालूच. आमचा घरी पोळी खातखात आयपॅडवर क्लिप थांबवतो आणि म्हणतो आई बघ, हा सेफ्टी खोटं बोलतोय. मला त्या दोन ठिपक्यांत काही कळत नाही, पण त्याला आता दिसायला लागलंय आणि मागच्या वर्षी दिसत नव्हतं. फिल्मरूम म्हणतात ते हेच असावं.

आणि एक राग आहे तो इथे काढते. आमच्या भागातले खासगी क्यूबी कोच तासाला जे पैसे घेतात त्यात गाण्याच्या क्लासची महिन्याची फी निघेल, आणि प्रत्येक आईबापाला सांगतात की तुमच्या मुलाचा हात डिव्हिजन वनचा (वरच्या दर्जाच्या कॉलेज टीमचा) आहे. एकाने आम्हालाही सांगितलं. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचेच आकडे आहेत की कॉलेजात खेळणाऱ्यांतले शंभरात दोनसुद्धा एनएफएलपर्यंत पोचत नाहीत, आणि हायस्कूलमधून कॉलेजात पोचणारे मुळात मूठभर.

सदाशिव_ते_सिएटल

केटीची आई, पट्टीचं वर्णन फार आवडलं.

आता पैशाचं बोलतो कारण त्याच्याशिवाय हा निर्णय कळतच नाही. पूर्वी परत राहणं म्हणजे पैशावर पाणी सोडणं होतं. सॅम ब्रॅडफर्ड, ओक्लाहोमा, २००९ ला राहिला, पहिल्याच मॅचला खांदा गेला, तरी २०१० ला पहिला पिक झाला आणि सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी पक्के. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंचा नवीन करार आला, रूकींचे पगार ठरवून टाकले, आणि न्यूटनला पहिला पिक असून चार वर्षांचे सव्वादोन कोटीच्या आतबाहेर. एका वर्षाचा फरक बघा! तेव्हापासून ड्राफ्टचा खरा पैसा दुसऱ्या करारात असतो. क्यूबी पर्डी २०२२ चा सगळ्यात शेवटचा पिक, २६२ वा, ज्याला मिस्टर इरेलेव्हंट म्हणून हसतात, त्याला २०२५ ला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर मिळाले.

आणि २०२१ पासून कॉलेजातल्या पोराला स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात. आर्चकडे रेड बुल, उबर, ईए स्पोर्ट्स, पानिनी. पानिनीने २०२३ मध्ये त्याचं सहीचं एकमेव कार्ड लिलावात काढलं, एक लाख दोन हजार पाचशे डॉलरला गेलं, पैसे धर्मादाय दिले, आणि तेव्हा या पोराने कॉलेजात एक स्नॅपसुद्धा खेळला नव्हता. वरून २०२५ पासून कॉलेजं स्वतःच्या कमाईतून खेळाडूंना थेट वाटू शकतात, पहिल्या वर्षी शाळेमागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तेव्हा राहिला तर उपाशी मरत नाही. म्हणून मी घाबरटपणा म्हणत नाही. हिशेब म्हणतो.

कोलंबसची काकू

हिशेब बरोबर, पण सदाशिवभाऊ, पैशाची गरज असलेल्याचा हिशेब वेगळा आणि मॅनिंगच्या घरातल्याचा वेगळा. दोन काकांनी सुपर बोल जिंकलेत तिथे रूकीचा पगार कोण मोजतंय. त्याच्या घरात घाई नाहीये, हीच त्याची खरी श्रीमंती.

चिंचवडी

मग युअर्सचं काय झालं? ज्याच्या मागे हा बसला होता तो?

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

अरे हां, ते सांगायलाच हवं कारण ते आमच्या डोळ्यांसमोर झालं. युअर्स हायस्कूलमधून निघाला तेव्हा त्याला पैकीच्या पैकी रेटिंग होतं. आधी काकूंच्या ओहायो स्टेटला गेला, मग टेक्सासला आला. तीन वर्षं आमचा क्यूबी, लागोपाठ दोनदा प्लेऑफच्या सेमीफायनलला नेलं. एवढं करून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या राऊंडमध्ये, २३१ वा, मायामी. बरं, गंमत पुढे आहे: २०२५ च्या डिसेंबरात मायामीने टुआला, म्हणजे २०२० च्या पाचव्या पिकला, बाकावर बसवलं आणि युअर्सला खेळवलं.

त्याच ड्राफ्टमध्ये क्यूबी शेडूर सँडर्सचं झालं ते आठवतंय ना. कोलोरॅडोत बाप कोच, चौऱ्याहत्तर टक्के पास पोचवलेले, लोक पहिल्या राऊंडमध्ये धरून बसलेले, आणि पाचव्या राऊंडमध्ये १४४ वा क्लीव्हलंड. त्याच्या आधी त्याच क्लीव्हलंडने दुसरा क्यूबी डिलन गेब्रिएल घेतला होता. त्या वर्षी पहिल्या राऊंडमध्ये क्यूबी दोनच गेले, वॉर्ड आणि डार्ट. आणि त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या बारा पिकमध्ये सहा! म्हणजे तुम्ही कसे खेळलात याच्याइतकंच तुम्ही कुठल्या वर्षी रांगेत उभे राहिलात हेही बघावं लागतं.

फिल्मरूम

आणि कुठल्या टीमने घेतला हे त्याहून जास्त. २०१८ चा ड्राफ्ट घ्या, पाच क्यूबी. मेफिल्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, रोझन दहावा, लमार बत्तिसावा. तेव्हा ॲलनवर सगळे हसत होते, वायोमिंगचा पोरगा, कॉलेजात छप्पन टक्के पास पोचलेले, हायस्कूलनंतर मोठ्या कॉलेजनी विचारलंसुद्धा नव्हतं म्हणून ज्युनियर कॉलेजात जाऊन सगळ्या कोचना ईमेल टाकत बसलेला. बफेलोने त्याचे पाय आणि हात अक्षरशः नव्याने बसवले, तीन वर्षं थांबले, मग स्फोट झाला. डार्नोल्डला जेट्सनी तीन वर्षांत वाया घालवून हाकलला, आणि २०२४ ला मिनेसोटात चांगला कोच भेटल्यावर तोच डार्नोल्ड १४ मॅचेस जिंकतो. रोझनला मात्र कुठेच घर मिळालं नाही.

म्हणून "एनएफएलचा माल आहे का" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कुणाच्या हातात पडणार ते सांगा, मग सांगतो.

नागपुरी भौ

हे म्हंजे वकिलाचं उत्तर झालं. हो का नाही ते सांगा ना भौ.

फिल्मरूम

😄 बरं. हो. सहा फूट चार इंच, हात चांगला, पाय चांगले, मार खाऊन उठतो. फ्लोरिडाने सहा वेळा सॅक केला (पास टाकायच्या आधीच पाडला) तरी चौथ्या क्वार्टरपर्यंत खोल पास टाकत होता, आधीच आडवा पडणारा क्यूबी नाही तो. पण आज गेला असता तर मी त्याला पहिल्या राऊंडच्या शेवटी शेवटी धरला असता, आणि एखाद्या आंधळ्या मालकाने आडनाव बघून पहिल्या पाचात घेतला असता. आणि तेच त्याच्यासाठी सगळ्यात वाईट झालं असतं, कारण पहिल्या पाचातल्याला बाकावर बसू देत नाहीत, पहिल्या रविवारीच उतरवतात. पंधरा मॅचेसचा अनुभव, फुटकी ऑफेन्सिव्ह लाइन (क्यूबीला राखणारी फळी), नवा कोच. रिचर्डसन भाग दोन.

सदाशिव_ते_सिएटल

इथे मात्र मला पटलं नाही. आंधळा मालक पुढच्या वर्षीही असणारच. आणि या वर्षी रांग छोटी होती! इंडियानाचा मेंडोझा सोडला, तोच हाइजमनवाला, तर बाकी कोण होतं? नंबर दोनची जागा रिकामी पडलेली. तुम्हीच वर म्हणताय, म्हणजे धागाकर्ते म्हणतायत, की कुठल्या वर्षी रांगेत उभं राहिलात ते महत्त्वाचं. मग रिकामी रांग सोडून भरलेल्या रांगेत जाणं कुठला हिशेब?

कोलंबसची काकू

सदाशिवभाऊंचा मुद्दा आहे हं. २०२७ ला आमचा क्यूबी ज्युलियन सायिनसुद्धा येऊ शकतो. आणि आता बातमी आली की ओरेगॉनचा डँटे मूरपण परत राहतोय, तोही पुढच्याच वर्षी. सगळ्यांनी एकच मुहूर्त धरलाय.

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

मूर राहिला? मग तर झालंच, ज्याला दुसरा पिक नक्की मिळत होता तोही सोडून परत जातो म्हणजे पोरं आता ड्राफ्टच्या जागेपेक्षा तयारी बघायला लागलीत. मूरने आधी यूसीएलएला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी उतरून मार खाल्लेला आहे, त्याला तयारी नसताना उतरणं काय असतं ते माहितीये.

सदाशिव, भरलेल्या रांगेचं म्हणाल तर बरोबर, पण २०१८ च्या रांगेतही पाच जण होते आणि बत्तिसाव्या नंबरवरच्या लमारकडे आज दोन एमव्हीपी आहेत. माझी बाजू मी सांगतो. २०२७ ला पहिल्या दहात जाईल, पहिला नाही. अट एकच, सप्टेंबरमध्ये त्याचे पाय ऑक्टोबर २०२५ चे नसून नोव्हेंबर २०२५ चे हवेत. आणि आमचा कोच सारकिसियनने त्याला रोज पंधरा वेळा पळवणं बंद करावं, नाहीतर भौ म्हणतात तसं बरगड्यांचं काही खरं नाही.

केटीची आई

आमच्या घरचं मत: मुलगा म्हणतो पहिल्या पाचात. नवरा म्हणतो आधी गणिताचा पेपर दाखव.

चिंचवडी

हहपुवा. एक शेवटचं, हे बघायचं कुठे इकडून? आणि वेळ काय असते, रात्री जागावं लागतं का?

नागपुरी भौ

शनिवारी इकडं सकाळी अकराची मॅच असली तर तुमच्याकडं रात्री साडेनऊ-साडेदहा, संध्याकाळची असली तर रविवारी पहाटे उठा, चहा घेऊन बसा. १२ सप्टेंबर २०२६ ले ओहायो स्टेट ऑस्टिनला येऊन राह्यली, तिथून सुरू करा. काकू, तुम्ही येताय का? आमच्याकडून दोन तासांवर आहे, म्या पण येतो, ओहायोच्या बाजूने ओरडाले.

कोलंबसची काकू

येतेय तर! तिकिटांचं ऑस्टिनकरांनी बघावं, सीझन पासवाले तेच आहेत. आणि सायिनवर वेगळा धागा काढते, इथे अवांतर नको.